एक संध्याकाळ, पंखे बंद

गेल्या गुरुवारी सिन्नरला माझ्या हातून एक चूक झाली… आणि तिचा घाम सव्वाशे माणसांना फुटला.

आमच्या गावात दर उन्हाळ्यात चार दिवसांचा कलामहोत्सव होतो. गाणं, नाच, चित्रं, सगळं एका मंगल कार्यालयात. कार्यालयाचे मालक रसिक आहेत, पण व्यवहारीही आहेत. लग्नाची तिथी नसेल त्याच दिवशी सभागृह देतात.

त्यामुळे तारखा काढायचं काम माझ्याकडे. मी शाळेत संस्कृत शिकवतो, म्हणजे मला पंचांग कळतं असा गावाचा समज आहे. लोक शुभ दिवस शोधतात, मी बिनमुहूर्ताचा शोधतो… आणि आमची कला त्या दिवशी फुलते.

यंदा दिवस मिळाले, पण मोजके. म्हणून मी गुरुवारी दुपारी रांगोळी आणि संध्याकाळी बासरी असं एकाच सभागृहात लिहून टाकलं. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

रांगोळी मंदाताईंची. त्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. दोन दिवस रजा टाकून त्यांनी स्टेजसमोरच्या फरशीवर आठ बाय सहा फुटांची रांगोळी काढली होती… भाताची लावणी करणाऱ्या त्यांच्या सासूबाई. पदर खोचलेला, गुडघाभर चिखल, हातात रोपांची जुडी.

सासूबाई राहतात घोटीला. सुनेची एकही रांगोळी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली नव्हती, कारण रांगोळी काही पार्सल करता येत नाही. मोबाईलवर फोटो पाहून म्हणायच्या, "फोटोत काय, सगळंच चांगलं दिसतं." त्या आज पहिल्यांदा येणार होत्या, शेतातलं काम आटोपून, जीपने. पोचायला साडेआठ.

आणि दुसऱ्या दिवशी तिथी होती. त्याच फरशीवर पहाटे हळद लागणार, म्हणजे रात्रीच सगळं झाडून द्यायचं. दाखवायचं तर आजच.

साडेपाचला मांडववाल्याने सवयीने एक पंखा लावला. दोन सेकंदच. तेवढ्यात शेताचा हिरवा रंग आभाळात गेला.

मंदाताई ओरडल्या नाहीत. चाळणी घेतली, गुडघ्यावर बसल्या आणि आभाळ पुन्हा निळं करू लागल्या. मला ओरडलेलं परवडलं असतं.

आमच्या समितीच्या वर्षाताईंनी ती कसर भरून काढली. "सर, तुम्हाला पंचांग कळतं हो, पण पंखा कळत नाही."

रांगोळीला वारा चालत नाही आणि वैशाखात माणसाला वाऱ्याशिवाय चालत नाही, हे समजायला व्याकरण लागत नाही.

साडेसहाला सभागृह भरलं. खिडक्या बंद, पंखे बंद. मी माईकवर सगळं खरं सांगितलं… चूक माझी, चित्र मंदाताईंचं, त्यांच्या सासूबाई वाटेत आहेत. ज्यांना सोसणार नाही त्यांनी खुशाल जावं, राग नाही.

दोघे-तिघे गेलेसुद्धा. मग पहिल्या रांगेतून भाऊसाहेब उठले.

भाऊसाहेब म्हणजे नामपूरचे कांद्याचे व्यापारी आणि आमचे मानाचे पाहुणे. शरीर ऐसपैस. दरवर्षी बासरीसाठी येतात आणि बरोबर पंख्याखालची खुर्ची धरतात. उन्हाळ्यात त्यांचा रुमाल पिळावा लागतो, ही अतिशयोक्ती नव्हे.

ते थेट भिंतीवरच्या बटणांकडे निघाले. पाहुण्याला अडवणं यजमानधर्मात बसत नाही… आणि मंदाताई चाळणी हातात धरून तशाच उभ्या.

भाऊसाहेबांनी वाटेतली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली. बटणांच्या बोर्डाला पाठ लावून ठेवली आणि तिच्यावर स्वतःला स्थापन केलं. सगळा बोर्ड झाकला गेला.

"गरम तर शे," ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "पण चित्र उडी जाई ना भो! चालू करा बासरी."

पुढचे पावणेदोन तास सभागृहात वारा होता तो फक्त बासरीत. मधे एकजण हळूच जाऊन "भाऊ, जरा एक नंबरवर…" म्हणून आला. भाऊसाहेबांनी नुसती नकाराची मान हलवली. एका काकांनी कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला सुरुवात केली, तर मागून आवाज आला, "ओ काका, तिकडे हवा जातेय!" काकांनी पत्रिका खिशात ठेवली.

बासरी संपली. कोणी उठलं नाही.

साडेआठ उलटून गेल्यावर सासूबाई आल्या. हातात पिशवी, पायांवर धूळ. चप्पल दाराशी काढून त्या रांगोळीभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्या.

"नाक लय मोठं काढलंस गं."

"आहे तेवढंच काढलंय, आई," मंदाताई म्हणाल्या. सगळे हसले.

मग त्या कडेला खाली बसल्या. चित्रातल्या मनगटावर विळ्याचा जुना व्रण होता, बोटभर. त्यांनी तो पाहिला. मग बांगड्या मागे सारून स्वतःचं मनगट पाहिलं… आणि पुन्हा चित्र. मंदाताईंचा हात त्यांनी धरून ठेवला होता.

शेवटी मान वर करून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "माणसं पार भिजून गेलीत की! लावा आता पंखा कुणीतरी, माझं बघून झालं."

कोणी हललं नाही. भाऊसाहेबांनी तर पाठ आणखी टेकवली.

गावात आता रसिक उरले नाहीत, असं वाक्य मी दरवर्षी प्रास्ताविकात घालतो. ऐकायला भारदस्त वाटतं. ते वाक्य मी सव्वाशे ओल्या सदऱ्यांच्या आणि पदरांच्या साक्षीने मागे घेत आहे… आणि त्या प्रत्येकाचा मी ऋणी आहे.