शेठना चालेल असं पाकीट

गाळा लहान असला की किस्से लवकर साठतात. पसरायला जागाच नसते. विक्रोळीच्या आमच्या गाळ्यात आम्ही तिघं. कर्णिक मॅडम, त्यांच्या हाताखालची प्रज्ञा आणि मी. मी जन्मभर प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. म्हातारपणी कुजणारी पाकिटं काढायला बसलो.

मॅडमनी चांगली नोकरी सोडून हे काम मांडलं. गिऱ्हाईक एकच. घाटकोपरचे फरसाणवाले शेठ. त्यांची ऑर्डर आली तर गाळा चालणार, नाहीतर कुलूप.

*

पाकिटाच्या लगद्यात एक अतिबारीक माती मिसळतात. तिने हवा अडते, शेव कुरकुरीत राहते. एकदा गाळ्याचा मालक डोकावला.

"काय चाललंय?"

"नॅनो मिसळतोय," प्रज्ञा म्हणाली.

"दाखव की."

"दिसला तर नीट मिसळला नाही असं समजायचं!"

मालक परत डोकावला नाही.

*

पहिलं पाकीट झकास झालं. काचेसारखं. शेठ खूश. उजेडात धरून बघितलं, गालाला लावून बघितलं.

"बेन, कशाचं बनवलं?"

मॅडम तोंड उघडायच्या आत प्रज्ञा अभिमानाने म्हणाली, "कोळंबीच्या टरफलांचं!"

शेठनी पाकीट टेबलावर ठेवलं. रुमाल काढला. आधी हात पुसले, मग गाल पुसला.

*

दुसरं पाकीट बटाट्याच्या स्टार्चचं. मॅडम म्हणाल्या, "शेठ, आता शंभर टक्के शाकाहारी."

"बेन, माझी निम्मी गिऱ्हाइकं जैन. जमिनीखालचं चालत नाय."

"मग साबुदाण्याचं करू," प्रज्ञा म्हणाली. "तो तर उपासाला चालतो!"

"तुमच्या उपासाला. तोपण कंदच ना!"

शेवटी मक्यावर आलो. मका जमिनीच्या वर येतो, याची खात्री शेठनी माझ्याकडून दोनदा करून घेतली.

*

मक्याच्या पाकिटात शेठची शेव भरून फळीवर ठेवली. ती किती दिवस टिकते ते बघायचं होतं. सकाळी येऊन बघतो तर उंदराने पाकीट खाल्लेलं आणि शेव तशीच!

मॅडम खूश. "काका, म्हणजे पाकीट खाण्याजोगं आहे!"

"वाट लागेल," प्रज्ञा म्हणाली. "शेवेचं शेठना सांगू नका."

*

शेवटची परीक्षा शेठनी स्वतः घ्यायची ठरवली. "एक पाकीट द्या. घरी मोगऱ्याच्या कुंडीत पुरतो. कुजलं तर ऑर्डर, नाहीतर राम राम."

प्रज्ञाने चांगलंसं पाकीट निवडलं, वर गाळ्याचा नवा स्टिकर लावला आणि दिलं. मग मॅडमचं जेवणात लक्ष राहिलं नाही. शेठना फोन करायचा नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. रोज फोन हातात घ्यायच्या आणि ठेवायच्या.

पावसाळा सरता सरता शेठ रिक्षातून उतरले. काखेत कुंडी. पेपर पसरून ती टेबलावर उपडी केली. मॅडमनी माती बोटांनी चिवडली, ढेकूळ न् ढेकूळ फोडलं. पाकिटाचा तुकडासुद्धा नाही.

"गेलं!" प्रज्ञा ओरडली.

"गेलं," शेठ म्हणाले. "पूर्ण गेलं."

मग त्यांनी खिशातून धुऊन पुसलेला स्टिकर काढला आणि मॅडमसमोर ठेवला. चकचकीत. एक अक्षर पुसलेलं नव्हतं. 'हे संपूर्णपणे मातीत मिसळते.'

मी नखाने खरवडून बघितला, अस्सल प्लास्टिक.

शेठ म्हणाले, "बेन, पाकिटाची ऑर्डर पक्की. ह्याची नको."