हिरालालच्या हातातली कार्डं

चिखल्याच्या खाण कॉलनीत कोणालेही विचारा, हिरालालची जीप तुमसरले कधी निघते ते सांगतील. पण आम्हा म्हाताऱ्यांसाठी तो निस्ता जीपवाला नव्हता. पेन्शन जमा झाली का आम्ही आपापलं एटीएम कार्ड त्याच्या हाती द्यायचो अन् पिन तोंडी सांगायचो. संध्याकाळी तो ज्याचे पैसे त्याले, पावतीसकट आणून द्यायचा. माझे मालक खाणीत होते, ते गेल्यापासून माझंही कार्ड त्याच्याचकडे जायचं. "कुंताकाकी, मोजून घ्या," म्हणायचा, अन् चहालेही थांबायचा नाही लेकाचा.

मंग एक दिवस खातं साफ झालं. मोबाइलवर मेसेज आला, परदेशातल्या कोण्या दुकानात कार्ड चाललं म्हणे. अरे बाप्पा! मी जन्मात नागपूरच्या पलीकडे गेली नाही, अन् कार्ड तं तेव्हा माझ्याच पेटीत होतं.

हिरालालच मले बँकेत घेऊन गेला. साहेब म्हणाला, "आजी, ऑनलाइनला पिन लागत नाही. कार्डावरचे आकडे कुठूनतरी फुटले असतील. काही परदेशी दुकानांत ओटीपीशिवायही चालतं."

"मंग हे परदेशाचं चालू कोणी केलं? म्या तं नाही केलं."

साहेब खाली पाहायले लागला. हे कार्ड देताना त्याच्याच बँकेतल्या पोरानं "सगळं चालू करून देतो आजी" म्हणत माझ्या मोबाइलवर बटणं दाबली होती. त्याले तसं टार्गेट होतं. कार्ड जितकं चालेल, तितका बँकेलेही वाटा. चोरी झाली तं मात्र म्हातारी जाणे! वा रे न्याय!

"पिन कोणाला सांगितला होता का?" त्यानं विचारलं.

"हिरालालले. दर महिन्याले सांगतो." मी कायले लपवू?

साहेबाच्या जिवात जीव आला. "मग जबाबदारी तुमची. पिन दुसऱ्याला देणं हा निष्काळजीपणा आहे. या माणसावर संशय असेल, तर पोलिसांत तक्रार द्या."

म्या टेबलावर हात आपटला. "आत्ताच म्हणाला ना पिन लागलाच नाही? मंग त्याचं नाव काहून घेऊन राहिला?"

साहेबानं रांगेतल्या दुसऱ्या माणसाले पुढं बोलावलं. हिरालाल उठून बाहेर जीपकडे गेला.

ही गोष्ट आमच्याआधी कॉलनीत पोचली. पुढची पेन्शन आली तं शेजारची केशरबाई हिरालालले म्हणाली, पोरगा घेऊन जाते मले. मारोतरावचं कार्ड म्हणे सापडून नाही राहिलं. कोणी हिरालालले चोर म्हटलं असतं तं म्या उभ्यानं भांडण केलं असतं. पण कोणी म्हटलंच नाही. माझा जीव तिळतिळ तुटला.

बँकेनं नवीन कार्ड दिलं, तशी मी सगळ्यांदेखत जीपजवळ गेली. म्हटलं, "घे रे." त्यानं हात मागं घेतले. "तुम्ही संग चला काकी."

तुमसरले त्यानं मशिनीचं दार उघडून दिलं अन् स्वतः रस्त्यावर, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, बटणं दिसेनात. मशीन कार्ड बाहेर फेकत होती अन् मागचे लोक कुरकुर करत होते. शेवटी दारातून हाक मारली, "हिरालाल, ये न बाबू. मी नंबर सांगतो, तू दाब!"

भर रस्त्यात त्यानं दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले.