गौराक्का आधी बघायची

"कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय," असं शुक्रवार पेठेतल्या गौराक्काच्या दुकानात येऊन कुणी म्हणालं, की तिचा प्रश्न ठरलेला असायचा. "तुमी बघितला काय?" समोरचा गोंधळायचा. मग ती खुर्ची पुढे सरकवायची. "बसा. आधी बघू, मग नाव ठेवू."

गौराक्का जाऊन दोन वर्षं झाली. घराच्या पुढच्या खोलीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मशीनने हट्ट धरला तर दोन्ही भाषांत शिव्या.

मी कामगारांची पत्रकं वाचत मोठी झाले आणि पुढे स्वतः लिहू लागले. गौराक्का असतानाच्या एका उन्हाळ्यात टॉवेल कारखान्यातल्या बायकांची तक्रार आम्ही तयार करत होतो. पगारी सुट्टी नाही, संडासाला कुलूप! बावीस जणींची नावं माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तक्रार दाखल होईपर्यंत ती मालकाला कळता कामा नयेत, कारण कळली तर कामावरून हाकलणार. आणि एके दिवशी त्याने दोघींना बोलावून दम दिला, "तुमचं नाव यादीत आहे."

यादी माझ्याखेरीज फक्त या तक्रारीत माझ्यासोबत असलेल्या पद्माला ठाऊक होती. नावं तिनेच गोळा केली होती, पण तिचा मामा तिथला मुकादम. मला आणखी पुरावा कशाला हवा होता? मी पत्रक लिहिलं, 'घरभेदी कोण?' खाली पद्माचं पूर्ण नाव. छापायला बसले तर कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला, म्हणून गौराक्काला घरी बोलावलं.

तिने स्क्रीनवरचं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "हिला यादी देताना तू बघितलंस काय?"

"दुसरं कोण देणार?"

"तडी." तिच्या कन्नडमध्ये, थांब.

तिने ब्राउझर आणि उघडे प्रोग्रॅम बंद करायला लावले, काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली. ओळीच्या ओळी उमटल्या. "पोर्ट म्हणजे दार समज. कुठलं दार उघडं हाय, पलीकडं कुठला पत्ता हाय, सगळं हितं दिसतं. आणि शेवटचा आकडा, दार उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा."

मग तिने चालू प्रोग्रॅमची नावं दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. त्यात एक विचित्र नाव दिसताच मी ओरडले, "हाच! बंद करा!"

"विंडोजचाच हाय तो. ओळखीचा न्हाय म्हणून मारायचा काय?"

एकेक आकडा ती वहीत लिहायची, टास्क मॅनेजरमध्ये जुळवायची आणि प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चालतोय ते उघडून बघायची. "नाव कुणीबी लावतं. ऱ्हातो कुटं ते बघ."

शेवटी एका ओळीवर तिचं बोट थांबलं. सगळं बंद असताना कुठलातरी प्रोग्रॅम बाहेरच्या पत्त्याशी बोलत होता. आकडा जुळला तो माझ्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरशी. ती चोरीची प्रत होती. आम्ही पत्रकवाले ती एकमेकांना पेन ड्राइव्हवरून देतो. बसवताना 'अँटीव्हायरस बंद करा' असं आलं होतं आणि मी बिनदिक्कत केला होता.

"टायपिंगला बाहेर कुणाशी बोलायचंय गं?" त्याच फोल्डरमध्ये दुसरा प्रोग्रॅम दडला होता. माझा स्क्रीन तो लांब कुणालातरी दाखवत होता. तिने फोनवर फोटो काढले आणि मगच इंटरनेटची वायर उपसली.

"मालकच! आता त्याच्यावर लिहिते!"

"पत्ता दिसतो, माणूस दिसत न्हाय. यादी उघड्यावर होती, एवढंच लिही. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरनं बदल. बायकांना आजच सांग. आणि हे पत्रक पद्माला दाखव."

"पुसून टाकते ना!"

"पुसलंस तर चूक तुलाच कळली. तिला कुटं कळली?"

स्क्रीनचा फोटो घेऊन मी पद्माकडे गेले. तिने सावकाश वाचलं. "भाषा लई चांगली हाय की. माझं नाव नसतं तर मीच घरोघरी वाटलं असतं." मग फोन माझ्या हातात ठेवला. "मामाशी मी महिनाभर बोलत न्हाय. या तक्रारीपायीच."

मी माफी मागितली. तिने ती लगेच दिली नाही आणि ते बरोबरच होतं. पण तिने चप्पल पायात सरकवली.

बाहेर गौराक्का रिक्षा अडवून उभी होती. "रुसवा रिक्षात काढा. बावीस घरं हायत!"

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघींनी सगळी घरं केली. यादी माझ्या चुकीने उघडी पडली, हे प्रत्येक दारात मीच सांगितलं. एकीनेही आपलं नाव मागे घेतलं नाही.