वरच्या उतारावरची शेवटची बाटली

डॉ. सुलोचना हाळीकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नांदेडच्या महाविद्यालयात, भूशास्त्राच्या पहिल्याच तासाला. देगलूरहून नुकताच आलेला, शहराला बिचकणारा मुलगा होतो मी. मॅडम वर्गात आल्या त्या हातात दोन पिशव्या घेऊन. दोन्हींत माती. टेबलावर दोन ढीग केले, त्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, "एकेक जण या, वास घ्या." आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. एक माती औशाजवळच्या त्यांच्या घरच्या टेकडीच्या उतारावरची, दुसरी पायथ्याची. मधे फक्त एक गाडीवाट. वास मात्र निरनिराळे होते, आणि शेतात वाढलेल्या आम्हा पोरांना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मॅडमना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला प्रसन्न शैलीत लिहायला सांगितलं आहे. ते मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून मॅडम फ्रान्समध्ये बर्गंडी भागात वर्षभर राहिल्या होत्या. अभ्यास मातीचा, आणि मुक्काम एका लहानशा द्राक्षमळ्याजवळ. मळा केवढा, तर आपल्याकडे वाटणीत धाकट्या भावाला येतो तेवढा. भोवती दगडी गडगा. पण त्या तुकड्यातल्या वाइनला जगभरातून मागणी. गडग्यापलीकडे तीच द्राक्षं, तेच हात, तोच पाऊस, आणि वाइन मात्र साधी. कारण उतार, चुनखडीचा दगड आणि त्यावरचा तांबूस मातीचा पातळ थर. पाणी थांबत नाही, मुळं दगडांच्या फटींतून खोल उतरतात. मॅडम हे सांगताना फळ्यावर रेघा ओढत, आणि खडू तुटला तरी थांबत नसत.

तिथली एक रीत त्यांच्या मनात कायमची बसली. पावसानं माती उताराखाली वाहून येई, आणि हिवाळ्यात मळ्याचा म्हातारा मालक व त्याची माणसं ती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेत. दुसरीकडची माती आणणं त्यांना चालत नसे. खाली आलेलीच वर जायची. दुपारच्या जेवणाला म्हातारा आपल्या लहान नातवाला पेल्याच्या तळाशी थोडीशी वाइन देई आणि विचारी, कशाची चव आली? पोरगा म्हणे, ओल्या दगडाची. म्हातारा मान डोलावून जेवायला लागे.

माझ्या वडिलांना मॅडमनी हीच हकिकत सांगितली होती. वडील नांदेडच्या दवाखान्यात पडून होते आणि मी शिक्षण सोडायच्या बेतात होतो. मॅडम रोज आपले तास आटोपून डबा घेऊन येत आणि मला प्रॅक्टिकलला पिटाळून स्वतः त्यांच्याजवळ बसत. मी परतलो तेव्हा सगळं ऐकून वडील म्हणाले, "म्हंजी तिकडं बी माती व्हावूनच जाती म्हना की, बाई." मॅडम खळखळून हसल्या. त्यांना तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे. वडील त्या दवाखान्यातून घरी आले नाहीत. दहाव्याला मॅडम एसटीनं देगलूरला आल्या, बायकांत बसल्या, आणि निघताना मला एवढंच म्हणाल्या, "सोमवारी वर्गात दिसायचं." मी दिसलो. आज मी शिक्षक आहे तो त्या सोमवारमुळे.

निवृत्तीनंतर त्यांनी औशाजवळच्या टेकडीवर वाइनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या. वर मुरमाड उतार, त्यात चुनखडीचे खडे, पायथ्याला काळी माती; वेली दोन्हीकडे. गावानं नाव ठेवायला वेळ लावला नाही. "मास्तरीण दारूचं झाड लावायली," असं पारावर म्हणत. मॅडम दर दिवाळीनंतर दोन बायांना घेऊन उताराखाली जमलेली माती टोपलीनं वर नेत, तेव्हा तर लोकांनी त्यांना खुळ्यातच काढलं. द्राक्षं नाशिककडच्या एका वाइनवाल्याकडे जात. त्यानं पहिल्या वर्षी वरची आणि खालची एकत्र केली, तर मॅडम तिथं जाऊन त्याच्याशी कडाडून भांडल्या. तो कावला. "मॅडम, एवढ्याशा मालाला दोन टाक्या कोण लावतं?" पुढच्या वर्षी त्यानं लावल्या.

खालची वाइन जड होती, एका घोटात संपणारी. वरचीनं सुरुवातीला काहीच कळू दिलं नाही. मग जांभळाच्या सालीचा तुरटपणा आला, आणि त्यामागून काहीतरी खारट, ओलं, जे घोट संपल्यावरही बराच वेळ रेंगाळलं. पहिल्या तासाचा तो वास मला आठवला आणि माझे डोळे भरून आले. ती चाखण्याचा मान आम्हा नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना मिळे, तोही दार लोटून, स्टीलच्या पेल्यांतून.

दार लोटलेलं असे ते मुख्यतः दिलीपला दिसू नये म्हणून. दिलीप म्हणजे मॅडमच्या भावाचा मुलगा. मॅडमनी लग्न केलं नाही. दिलीपला त्यांनी नांदेडच्या आपल्या घरी ठेवून शिकवलं, मुलासारखं वाढवलं. वाटणीत टेकडी त्याच्या नावावर आली, पण वेली आत्याच्या, हे ठरलेलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात मॅडम डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नांदेडला होत्या. जवळून रस्ता चालला होता आणि मुरूम हवा होता. दिलीपनं टेकडीचा मुरूम विकला. मॅडम परत आल्या तेव्हा पोकलेन निघून गेलं होतं आणि वरच्या उताराच्या जागी खड्डा होता. वेली मुळांसकट मुरमाबरोबर टिप्परमध्ये गेल्या होत्या. मी सोबत होतो. दिलीप पुढे आला, अगदी सहजपणे म्हणाला, "आत्या, मुरूमच हाय की त्यो. पिकत तर काय न्हवतं वरी. तुम्हाला नव्या वेली मी खालच्या काळीत लावून देतो, लई जोरात येतील." मॅडमनी डोळ्यांवरचा काळा चष्माही काढला नाही.

आम्ही माजी विद्यार्थी जमलो. तलावातला गाळ आणून खड्डा भरून द्यायचा, हीच पंचाहत्तरीची भेट, असं ठरवून मॅडमकडे गेलो. त्या एवढ्या संतापलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "वर्गात काय शिकवलं मी तुम्हाला?" आम्ही खाली मान घालून परत आलो. आता औशाला जाताना आमच्या गाड्या त्या नव्या रस्त्यावरून, म्हणजे मॅडमच्या टेकडीवरूनच जातात.

दिलीपचा मला राग आहे, आणि गौरवग्रंथात तो लिहू नये असं मला वाटत नाही. मॅडमना मात्र राग स्वतःचा आहे. एकदा म्हणाल्या, "तो म्हातारा नातवाला पेल्यातून द्यायचा. मी दिलीपला कधी थेंबही दिला नाही. घरातलं पोर. आत्यानं भाच्याला कसं पाजायचं? लोकांनी काय म्हटलं असतं? तुम्हा सगळ्यांना दिली, आणि ज्याच्या नावावर टेकडी, त्यालाच ती कशाची हे ठाऊक नव्हतं."

वरच्या उतारावरची एकच बाटली उरली होती. ती समारंभात उघडावी, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. मॅडमनी गेल्या महिन्यात, भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून ती काढली. दिलीपला बोलावलं होतं. मला म्हणाल्या, "तू फक्त बस."

दिलीप संकोचला. आत्यासमोर पेला हातात धरवेना. मॅडम म्हणाल्या, "घे. मी देतेय." त्यानं तोंड बाजूला वळवून घोट घेतला. आधी काही नाही. मग तो थांबला, पेल्यात पाहिलं, आणि पुन्हा एक घोट घेतला, या वेळी सावकाश. मॅडम त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, जसं त्या परीक्षेत आमच्याकडे बघत.

"आत्या," तो म्हणाला, "लई येगळंच हाय हे. आनखी हाय का?"

"न्हाई," मॅडम म्हणाल्या.

एवढी वर्षं त्यांच्या तोंडून मी पुस्तकी मराठीच ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा हा गावाकडचा शब्द ऐकला. दिलीपनं पेला खाली ठेवला, आणि त्याला कळलं. कळलेलं आम्हाला दिसलं. तो उठून गेला नाही, रडलाही नाही. नुसता बसून राहिला, आणि मॅडमनी उरलेली वाइन त्याच्याच पेल्यात ओतली.

मॅडम, आपण खूप जगावं, आपले डोळे आणि गुडघे शाबूत राहावेत. ही इच्छा मी केवळ आपल्यावरच्या प्रेमापोटी करत नाही. त्या उताराला कशाची चव होती, हे नीट सांगू शकेल असं माणूस आता आपणच आहात. आपण आहात तोवर ती टेकडी आहे.