चंद्राबाईची गाडीपूजा

करावे गावात चंद्राबाईचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. भडकला, भांडी आपटली आणि संध्याकाळी विसरला, असला तो राग नव्हताच. लग्नानंतर पहिल्यांदा केलेलं बोयांचं कालवण नणंदेनं चारचौघांत खारट म्हटलं, तेव्हापासून चंद्राबाईनं नणंदेचा उंबरा ओलांडला नाही. आणि नणंदेचं घर होतं अगदी समोर, गल्लीच्या पलीकडे. सणासुदीला दोघी आपापल्या दारात रांगोळी काढायच्या, पाठीला पाठ लावून. असल्या बाईच्या वाटेला माणसानं जाऊ नये. पण विलासशेटला कोण सांगणार?

चंद्राबाई खाडीची मासळी विकायची. नवरा गोवर्धन पहाटे होडी घालायचा, आणि त्यानं आणलेले बोय, कोळंबी, चिंबोऱ्या डोक्यावर घेऊन ती सीवूड्सच्या टॉवरांखाली आरोळी द्यायची. तिच्या आरोळीनं बाराव्या मजल्यावरच्या बायका खिडकीत येत, असं ती सांगायची, आणि त्यात फारशी थाप नव्हती. पण इतकी वर्षं पाटी वाहून तिच्या गुडघ्यांनी शेवटी हात टेकले. डॉक्टर म्हणाले, आता डोक्यावर ओझं नको. चंद्राबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसली आणि जेवली नाही. घरात बसून कोळंबी सोलत राहायचं, ही कल्पनाच तिला सोसवेना.

तेव्हा सून रुतिकानं मोबाइलवर ती गाडी दाखवली. विजेवर चालणारी तीनचाकी स्कूटर. पुढं एक चाक, मागं दोन, आणि त्या दोहोंच्या मध्ये क्रेट ठेवायला जागा. दुकान तिच्या रोजच्या वाटेवरच, ज्या सोसायटीत ती मासळी द्यायची तिच्याच तळमजल्यावर. मालक विलासशेट राहायचाही त्याच इमारतीत.

विलासशेट गोडबोल्या माणूस. त्यानं चंद्राबाईला 'मावशी' म्हटलं, थंड पाणी दिलं. "मावशी, टेन्शनच नाही. लायसन नको, नंबरप्लेट नको. हळू चालते, सायकलसारखी. दोन चाकांची पडते, ही पडणारच कशी? मागची चाकं कंपनी फिटिंग आहेत." हे तो छातीवर हात ठेवून म्हणाला. खरी गोष्ट अशी होती की कंपनीची गाडी दोनच चाकांची यायची, आणि मागचा तो दोन चाकांचा सांगाडा विलासशेट तळोज्याला एका शेडमध्ये स्वस्तात वेल्डिंग मारून घ्यायचा. वरून चकचकीत काळा रंग. रंगाखाली काय आहे, ते गिऱ्हाइकाला दिसत नाही.

गाडी घरी आली तेव्हा चंद्राबाईनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, हँडलला झेंडूचा हार घातला. पुढचे काही महिने ती राणीसारखी फिरली. गोवर्धन म्हणायचा, हिला आता नवरा नको, चार्जर पायजे. तिला हसू यायचं. म्हातारपणी आपल्या हातात काहीतरी आलं, आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको, हे सुख तिला नवीन होतं.

मग एका सकाळी सोसायटीच्या अलीकडच्या वळणावर मागचा उजवा जोड तुटला. गाडी धावत नव्हती, नुसती वळत होती. चाक निसटलं, गाडी कलंडली आणि चंद्राबाई उजव्या खांद्यावर पडली, अंगावर गाडी. बोय रस्ताभर पसरले आणि तिला उचलायला माणसं यायच्या आधी कावळे आले. खांद्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला तो झालाच. वेणी घालायलाही रुतिका लागायची.

इथवर सगळं अपघात म्हणून चंद्राबाईनं गिळलं असतं. मोडलेली गाडी घेऊन गोवर्धन दुकानात गेला, तेव्हा विलासशेट काचेच्या केबिनमधून बाहेरही आला नाही. नोकराकरवी निरोप दिला, लोड जास्त टाकला तुम्ही. हेसुद्धा तिनं एक वेळ सोडलं असतं. पण त्याच इमारतीतल्या सईताईंनी, म्हणजे चंद्राबाईच्या जुन्या गिऱ्हाइकानं, लिफ्टपाशी त्याला विचारलं, "अहो, त्या मासळीवाल्या मावशी पडल्या म्हणे तुमच्या गाडीवरून?" तेव्हा हा गृहस्थ हसून म्हणाला, "सकाळी सकाळी घेऊन चालवलं तर कुठलीही गाडी पडणार, वहिनी. त्यांच्यात चालतंच ना ते."

झालं. लिफ्टमधली गोष्ट मजल्यामजल्यावर उतरली. हात गळ्यात बांधून चंद्राबाई रुतिकाबरोबर पहिल्यांदा मासळी घेऊन गेली, तर आरोळीला कुणी खिडकीत आलं नाही. सईताई दिसल्या आणि फोन कानाला लावून निघून गेल्या. एका बाईनं रुतिकाला बाजूला घेऊन सांगितलं, "सासूला जरा आवर गं, या वयात पिणं बरं नाही." रुतिकानं ते आठवडाभर पोटात ठेवलं आणि मग एका संध्याकाळी रडत रडत सांगून टाकलं.

हळदीच्या रात्री नात्यातल्या बायका हट्टानं ग्लास पुढं करायच्या, तेव्हा चंद्राबाई सोड्याची बाटली घेऊन बसायची. त्यावरून गावात तिची थट्टा व्हायची. आणि तिलाच हा माणूस बेवडी म्हणाला! ती रडली नाही. रुतिकाला म्हणाली, "तू जेव आता." पण गोवर्धननं तिचा चेहरा बघितला आणि ओळखला. समोरच्या नणंदेनं कालवणाला नावं ठेवली होती, तेव्हा बायकोचा चेहरा असाच झाला होता.

"ग्राहक कोर्टात जाऊ," तो म्हणाला.

"कोर्टात तो वकिलाच्या तोंडानं बोलेल. मना त्याच्या तोंडातून पायजे. जे तो बोल्ला ते त्यानंच गिलाचं, सगल्यांच्या म्होरं."

ती थांबली. घाईचा सूड तिला पसंत नव्हता. मोडकी गाडी विकायला भंगारवाला दारात आला, त्याला तिनं हाकलून दिलं. पावसात गाडीवर ताडपत्री घातली. गणपती गेले, घट बसले. मग विलासशेटच्या दुकानाची जाहिरात रुतिकाच्या मोबाइलवर आली: दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी न्या, ज्येष्ठांसाठी खास तीनचाकी. फोटोत तीच गाडी, तोच काळा चकचकीत सांगाडा. चंद्राबाईनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"दसऱ्याला आपल्या गाडीची पूजा कराची ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मोडक्या गाडीची?"

"मोडकी झाली म्हनून काय आपली नाय?"

दसऱ्याच्या सकाळी गोवर्धननं गाडी टेम्पोत घातली आणि विलासशेटच्या दुकानासमोर, जिथून नव्या गाड्या फुटपाथवरून रस्त्यावर उतरायच्या, त्याच्या अगदी कडेला उतरवली. दुकान झेंडूच्या तोरणांनी भरलं होतं. चंद्राबाई हिरवी नऊवारी, गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोली अशा थाटात खाली बसली. तिनं गाडीभोवती रांगोळी घातली. तुटका जोड कापडानं पुसला, त्याला हळद लावली, कुंकू लावलं. फुलं वाहिली, एकेक करून. तिला अजिबात घाई नव्हती.

वॉचमन धावत आला. "ओ मावशी, हटाव ये!"

"पूजा चालू हाय."

वॉचमननं उदबत्ती बघितली आणि चप्पल काढून मागं सरकला. नाक्यावरचा हवालदार चालत आला. त्यानंही हात जोडले आणि तो पुढं निघून गेला. दसऱ्याच्या दिवशी चालू पूजा मोडायची कुणाची छाती आहे? विलासशेटला हे माहीत होतं आणि चंद्राबाईला तर त्याहून जास्त.

पहिली नवी स्कूटर बाहेर आली. बरोबर आईवडील, पोरं, आजी. आजीची नजर लंगड्या, हार घातलेल्या गाडीवर पडली.

"काय झालं हो हिला?"

"हितूनच घेतली," चंद्राबाई गोड आवाजात म्हणाली. "वलनावर मोडली, माजा खांदा मोडला. पन आज दसरा, पूजा तर कराला पायजे ना? तुमाला नवीन गाडीचं अभिनंदन."

आजीनं मुलाचा हात धरला. "आज नको रे न्यायला. डोळ्यांसमोर हे असं." मुलगा काहीतरी बोलला, पण आजी हलेना, आणि ती वरात मागं फिरून दुकानात गेली. तिच्यापाठोपाठ आणखी दोन गाड्या दारातच अडल्या. वर गॅलऱ्यांतून माणसं बघायला लागली. सईताईही आल्या.

आता मात्र विलासशेट केबिनमधून बाहेर आला. "मावशी, आत या ना, चहा घेऊ. दसरा आहे, गोड बोलू."

"तुमी बोलाल गोड. माजी आरती राहिलीय."

"हे बघा, नवी गाडी देतो. आत्ता. घेऊन जा."

"नवी नको. लिफ्टपाशी माज्याबद्दल जे बोल्लास ना, ते खोटं व्हतं, येवढंच बोल. हितं, समद्यांम्होरं." तोवर 'तुमी' होतं. ते कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही.

विलासशेटचे कान लाल झाले. गिऱ्हाइकं ऐकत होती. माघार घेतली तर दुकान बसेल, असं त्याला वाटलं असावं, तो आवाज चढवून बोलला, "मी काही खोटं बोललो नाही. गाडीत काडीची खोट नाही माझ्या! चालवणाऱ्यानं नीट चालवली पाहिजे."

चंद्राबाई इतके महिने याच वाक्यासाठी थांबली होती. ती गुडघ्यांवर जोर देऊन उठली आणि दारात मांडलेल्या नव्या तीनचाकीकडे बोट केलं. "मंग बस तिच्यावर. मागं माजं दोन क्रेट ठेव, मासलीनं भरलेलं, मी ठेवाची तेवढंच. आनि त्या वलनावरून फिरवून आन. तू तर काय पिऊन नाय ना?"

कुणीतरी हसलं. आशुतोष नावाचा एक तरुण वडिलांसाठी तीच गाडी घ्यायला आला होता, वडील काठी टेकून शेजारीच उभे होते. तो म्हणाला, "खरंच साहेब, मारा ना एक राउंड. बाबांसाठी घ्यायचीय, आम्हालाही बघायला मिळेल."

मग इलाज उरला नाही. गोवर्धननं टेम्पोतून क्रेट आणून मागं ठेवले. विलासशेट हसत हसत बसला, चावी फिरवली, हँडल घट्ट धरलं. त्याच्या कपाळावरचा घाम चंद्राबाईला स्पष्ट दिसला आणि तिचा जीव थंड झाला. पड, ती मनात म्हणत होती. पड रे, माझ्यासारखाच पड.

गाडी फुटपाथवरून रस्त्यावर उतरली, तेवढ्यात दुकानातून त्याची बायको सुचित्रा ओवाळणीचं ताट टाकून धावत आली. पैठणी पायांत अडकली तरी थांबली नाही. "अहो, नका! वळणावर नका नेऊ! ते वेल्डिंग कच्चं आहे, तुम्हीच म्हणाला होतात..."

बोलता बोलता तिला कळलं आपण काय बोललो, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. विलासशेटनं ब्रेक मारला.

चंद्राबाई तिच्याकडे वळली. सुचित्राचा तिला राग आला नाही. "वयनी," ती म्हणाली, "त्या दिवशी मना अडवाला असं कोन नव्हतं."

सुचित्रा रडायला लागली. आशुतोषनं वडिलांचा हात धरला आणि ते रिक्षा शोधायला निघाले. विलासशेट गाडीवरून उतरला, जवळ आला आणि खाली बघत पुटपुटला, "मावशी पिऊन नव्हत्या. चूक माझी."

"वर आयकाला गेलं नाय. मी मासली विकते ना, तवरं वरड."

आणि तो ओरडला. भर दसऱ्याला, आपल्याच दुकानासमोर, आपल्याच इमारतीकडे तोंड करून विलासशेट घसा फोडून ओरडला की मावशी पिऊन नव्हत्या, गाडी माझी खराब होती. गॅलरीतल्या सईताईंची मान खाली गेली. चंद्राबाईनं ते सगळं डोळे भरून बघितलं. लाजायचं काही कारण नव्हतं, तिला खूप बरं वाटलं.

तिनं आरती उरकली, सामान गोळा केलं. तेव्हा सुचित्रा आपट्याची पानं घेऊन आली, डोळे पुसत म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." चंद्राबाईनं ते घेतलं, तिच्या हाताला हात लावला. मग विलासशेटनंही पान पुढं केलं. दसऱ्याचं सोनं वैरीसुद्धा परत करत नाही. गोवर्धन बायकोकडे बघत राहिला, सगळा रस्ता बघत राहिला.

चंद्राबाईनं उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. तिनं तो तसाच त्याच्या डोळ्यांसमोर धरला, त्यानं नीट बघावं म्हणून. मग खाली घेतला, रिकामाच, आणि ती टेम्पोत जाऊन बसली.