मयताच्या घरात कॅरम

परवा वहिनी गेली आणि आज आमच्या हॉलमध्ये कॅरम मांडलाय.

शेजारचे येऊन बघून गेले. एक-दोघींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

दादा परवापासून एक शब्द बोललेला नाही, म्हणून मांडलाय. ही पद्धत आमच्या वस्तीची, बुवापाड्याची नाही. मर्लिन वहिनीची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

माझा दादा जहाजावर फिटर होता. २००३-०४ च्या सुमारास सुट्टीवर आला तो बायको घेऊनच. सेंट व्हिन्सेंटची. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट.

वहिनी रिक्षातून उतरली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर उभी. आणि पोरांचा पहिला प्रश्न, "वहिनी, फास्ट टाकता ना?"

वेस्ट इंडीजची म्हणजे बॉलर असणारच, हे आमची हुशार मंडळी धरूनच चालली होती. भीमजयंतीच्या टेनिस बॉल टूर्नामेंटला तिचं नावसुद्धा देऊन आले होते.

तिने आयुष्यात बॉल टाकला नव्हता. शाळेत नेटबॉल खेळायची, तेही जेमतेम.

"नाव दिलंय ना, मग टाकते," म्हणाली. पहिलाच बॉल स्कोअररच्या टेबलावर.

सगळ्यात जास्त तीच हसली.

पण बोलायची मात्र काय! क्रिकेट, डाळभात, माणसं, सगळं एका दमात. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, उरलेलं तिचं ते गाण्यासारखं इंग्लिश.

तांदूळ निवडता निवडता एकदा मला म्हणाली, "सासरी राहणं म्हणजे स्लिपमध्ये उभं राहणं. दिवसभर काहीच नाही. आणि मग एकदम सगळं तुझ्याच अंगावर."

मी तेव्हा लग्नाची होते. माझ्या हातून खडेच परत तांदळात पडले.

टेस्ट मॅचबद्दल म्हणायची, "ज्या खेळात जेवायला सुट्टी देतात, तो खेळ शहाण्या माणसांनी बनवलाय."

कॅम्प चारच्या कापडबाजारात ड्रेसचं कापड घ्यायला गेलो होतो. सिंधी दुकानदार म्हणाला, "मॅडम वेस्ट इंडीज से? क्या देश है!"

"अंकल, वेस्ट इंडीज नाम का कोई देश ही नहीं है."

त्याच्या हातातला मीटर तसाच राहिला.

मग तिने सांगितलं. सगळी बेटं वेगळी. झेंडे वेगळे, पंतप्रधान वेगळे, एकमेकांशी भांडणं. फक्त अकरा जण मैदानात उतरले की तेवढ्यापुरता एक देश. "शाम को फिर अपने अपने घर."

त्याने चहा मागवला. मी शाळेत एवढा भूगोल शिकले, पण असा कोणी सांगितला नव्हता.

बाबांशी तिचं जमलं ते कॅरमवर. बाबा मोरिवलीच्या बाजूला कंपनीत होते, सेकंड शिफ्ट नसली की संध्याकाळी बोर्ड बाहेर. तिला सगळं त्यांनीच शिकवलं. तरी ती स्ट्रायकर असा हाणायची की सोंगट्या सोफ्याखाली.

"अगं पोरी, हळू," बाबा म्हणायचे.

"आमच्याकडे डॉमिनोजच्या सोंगट्या टेबलावर आपटून खेळतात, बाबा. आवाज नाही झाला तर समोरच्याला कळणार कसं, मी आहे ते?"

मग बाबा गेले. कंपनीतून आले, पाणी मागितलं आणि गेले.

आईने बोलणं टाकलं. खाणं टाकलं. रडलीसुद्धा नाही. भिंतीला टेकून बसली ती बसलीच. नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत खाली माना घालून गप्प. मला खरंच भीती वाटायला लागली, आता आईपण जाणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी उठली. कपाटामागून कॅरम काढला आणि आईच्या बरोबर समोर, स्टुलावर ठेवला. पावडर टाकली.

काका उभेच राहिले. "सूनबाई, हे काय? घरात दुःख आहे."

"म्हणूनच, काका. आमच्याकडे माणूस गेला की रोज संध्याकाळी सगळे त्या घरी जमतात. डॉमिनोज खेळतात, गातात, भांडतात. घर गप्प ठेवत नाहीत."

"आपण बौद्ध आहोत. आत्माबित्मा आपण मानत नाही."

"आत्म्यासाठी नाही," ती म्हणाली. "आईसाठी."

काका खाली बसले.

दादा, मी आणि वहिनी खेळायला लागलो. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. वहिनीने क्वीनवर नेम धरला.

आणि आई बोलली.

"ती आत्ता नको घेऊ. कव्हर पडणार नाही तुझं."

वहिनीने स्ट्रायकर आईकडे सरकवला. आईने क्वीन घेतली. कव्हर पाडलं. आम्ही आयुष्यात आईला कॅरमला हात लावताना बघितलं नव्हतं.

"दुपारी तुम्ही शाळेत असायचात तेव्हा खेळायचो आम्ही," आई म्हणाली. "ते हरायचे." आणि मग ती रडली. मोकळी, मोठ्याने. वहिनीने तिला कवेत घेतलं. त्या दिवशी आई अर्धी भाकरी जेवली.

इतकी वर्षं झाली. अजून मला त्या बाईचा अचंबा वाटतो. समुद्रापलीकडून आलेली, धड आमची भाषा येत नव्हती, आणि माझी आई तिने मला परत आणून दिली.

आज बोर्ड आईनेच काढायला लावला. तिला आता नीट दिसत नाही, तरी सोंगट्या हाताने चाचपून लावल्या. दादाला म्हणाली, "बस इथे."

दादा बसला. आईने एक शॉट मारला, चुकला. परत मारला, परत चुकला.

शेवटी दादाने स्ट्रायकर उचलला. मारला. तोही चुकला.

"आई," तो म्हणाला, "तुझा चान्स."

एवढंच. पण बोलला.

वहिनी, दादा बोलला गं.

तू नीघ आता. बुवापाड्याचा तुला शेवटचा जय भीम.