एपिरसच्या राजाची बाजू

प्राचीन ग्रीसमधला एपिरसचा तो राजा मला कधीच आवडला नाही. हत्ती घेऊन इटलीत गेला, रोमनांना हरवलं, पण स्वतःची इतकी माणसं गमावली की जिंकून हाती काही उरलं नाही. तरी गडी घरी बसेना. तिथून सिसिली, मग परत इटली, मग ग्रीसमधलीच शहरं. शेवटी एका म्हातारीने छपरावरून कौल फेकून मारलं, तेव्हा कुठे थांबला. बरं केलं तिने.

हा राजा आमच्या ऑस्ट्रेलियातल्या केलीव्हिलच्या घरात आला तो मुलीच्या सातवीच्या असाइनमेंटमधून. लॉकडाऊन होता, शाळा लॅपटॉपवर. सासरे ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आले आणि बॉर्डर बंद झाल्यामुळे अडकले. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. मी लॅबमधली शिफ्ट संपवून घरी यायचे, तर जेवणाच्या टेबलावर सासऱ्यांच्या गोष्टीतले हत्ती चालून येत असायचे. नवरा मान खाली घालून जेवायचा. मुलीला मात्र आजोबांच्या गोष्टी आवडायच्या.

तिने आपल्या मनाने लिहिलं होतं की राजा स्वार्थी होता, त्याच्यासाठी मेलेल्यांची त्याला पर्वा नव्हती. सासऱ्यांनी ते सगळं खोडायला लावून शौर्य आणि डावपेच लिहून घेतले. टीचरने मार्क कमी दिले. एवढी माणसं मेली त्याबद्दल एक ओळही नाही, असा तिचा शेरा होता.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू असताना सासऱ्यांनी मुलीला खुर्चीवरून उठवलं आणि माइक सुरू केला. मला सुट्टी होती. मी किचनमधून ऐकत होते. तुम्हाला युद्धशास्त्रातलं काही कळत नाही, असं ते टीचरला साऱ्या वर्गासमोर सुनावत होते. मुलगी शेजारी उभी राहून हळू आवाजात म्हणत होती, “आजोबा, प्लीज स्टॉप.” त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. मी पोहोचेपर्यंत टीचर कंटाळून म्हणाली होती की पुन्हा बघते. संध्याकाळी मार्क वाढले.

मुलगी त्या दिवसापासून ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. क्लासमध्ये कॅमेरा बंद. आजोबांनी हाक मारली की “बिझी” एवढंच उत्तर.

“मार्क वाढवून घेतले की नाही?” त्यांनी मला विचारलं.

“घेतलेत, बाबा. आता तिला एकदा सॉरी म्हणा.”

“मी? चूक त्या बाईंची होती.”

मी किचनमध्ये निघून गेले. थांबले असते तर फार वाईट बोलले असते.

पुढे खास विमानं सुरू झाली, त्यात त्यांना जागा मिळाली. मुलगी दारापर्यंत आली, बाय म्हणाली, आत गेली. मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. मला त्यांची दया यायला हवी होती, पण आली नाही. ठाण्याला पोहोचल्यावर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की ऑस्ट्रेलियातल्या टीचरला त्यांनी इतिहास शिकवला.